शेजारधर्म नावाचा पक्ष

लोकांची दारं वाजवणं हे तिचं काम होतं, आणि ते ती एकवीस वर्षं करत आली होती. "काही विकायला आले नाही, वर्गणीही नको," हे वाक्य दार उघडायच्या आतच तिच्या तोंडून बाहेर पडे. मग दार थोडं जास्त उघडे. बाजारात येणाऱ्या नव्या साबणाला कुठलं नाव शोभेल, बिस्किटाच्या पुड्याचा रंग लाल असावा की पिवळा, असले प्रश्न ती घरोघरी विचारायची आणि उत्तरं भरून कंपनीच्या ऑफिसात द्यायची. गावात सगळे तिला सर्वेताई म्हणत. नवरा बसडेपोत मेकॅनिक होता. तो तिला चौकशी अधिकारी म्हणे, आणि जेवताना ताटात काही कमी पडलं की विचारी, "साहेब, याबद्दल आपलं मत नोंदवता येईल का?"

कामात ती पक्की होती. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तो पाच मिनिटं देणार की पंधरा, हे तिला कळायचं. स्वतःचं मत ती कधी डोळ्यांतही दिसू द्यायची नाही. आणि फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून जो रिकामा चौकोन असतो, जिथे बाकीच्या मुली 'ठीक' किंवा 'आवडले' लिहून मोकळ्या होत, तिथे ती माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवी. एका आजोबांनी एकदा साबणाचं नाव ऐकून म्हटलं होतं, "हे तर जंताच्या औषधासारखं वाटतंय." तिने तसंच लिहिलं. त्या नावाचा साबण काही बाजारात आला नाही. हा किस्सा ती चारचौघांत अजून रंगवून सांगायची.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता कंपनीच्या साहेबाने तिला बोलावलं. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, सदा घाईत. त्याने टेबलावर बारा कार्डं मांडली. प्रत्येकावर एकेक नाव छापलेलं. निखारा. पोलादी मूठ. आपली माती. नवी पहाट. अशी बारा.

"हे काय? काडेपेट्या का?" तिने विचारलं.

"संस्था आहे एक. सामाजिक. नाव शोधतायत."

"कुठली संस्था?"

"ताई, ते मला माहीत असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं का?" साहेब हसला. गिऱ्हाइकाचं नाव सर्वे करणाऱ्याला सांगायचं नाही, हा नियमच होता, म्हणून तिनेही ताणलं नाही.

नावांची कार्डं दाखवून झाली की आणखी काही प्रश्न होते. अकरावा प्रश्न असा: 'तुमच्या भागातली कुठली चांगली गोष्ट आता कमी होत चालली आहे, असं तुम्हाला वाटतं?' उत्तराला चार पर्याय नव्हते, मोकळी जागा होती. तिला हा प्रश्न फार आवडला. साबणाबिस्किटांच्या फॉर्मात असलं काही नसायचं.

जुन्या कापडगिरणीच्या मागे चार मजली इमारतींची एक रांग होती. तिथे तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्स एकटी राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की अख्खा वॉर्ड जागा व्हावा. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन चालायची. बारा कार्डं तिने पत्त्यांसारखी हातात धरली, एकेक वाचलं आणि टेबलावर टाकलं.

"पोलादी मूठ! मुठीचं काय करायचंय मला? मला जिन्यात हात धरणारा पाहिजे."

मग अकराव्या प्रश्नाला ती जरा थांबली.

"शेजारधर्म," ती म्हणाली. "तो राहिला नाही बघ. पण आमच्याकडे आहे अजून. खाली दुकान आहे ना, टेलरमास्तरचं? ती दोघं नवराबायको पलीकडची." पलीकडची म्हणजे नदीच्या पलीकडून, चाळीस वर्षांपूर्वी पूर आणि दंगली एकदमच आल्या तेव्हा निघून आलेल्यांपैकी. गावात अशी शेकड्याने घरं होती. त्यांची बोली थोडी वेगळी, बाकी काही वेगळं नाही. "मी पडले तेव्हा अडीच महिने त्या बाईने मला अंघोळ घातली. मी आयुष्यभर लोकांना अंघोळी घातल्या, मला कुणी घालेल असं वाटलं नव्हतं. मास्तरने गाऊनला पुढून बटणं लावून दिली, हात वर करायला नको म्हणून. याला म्हणतात शेजारधर्म. लिही."

सर्वेताईने लिहिलं. त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

पंधरा दिवसांनी साहेबाने दुसरी फेरी काढली. आता कार्डं तीनच होती, आणि तिसऱ्यावर छापलं होतं: शेजारधर्म.

तिचा ऊर भरून आला, हे खोटं कशाला सांगायचं? एकवीस वर्षांत तिने आणलेला शब्द पहिल्यांदाच कार्डावर चढला होता. त्या फेरीत ते कार्ड पुढे केलं की लोकांच्या कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या. एका चिडक्या माणसाने तर तिला आत बोलावून पाणी दिलं. शंभरातल्या ऐंशी जणांनी तेच नाव निवडलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "माझा शब्द पास झाला."

"बढती देणार का मग?" नवरा म्हणाला.

दोन महिन्यांनी गावाच्या निवडणुका जाहीर झाल्या. त्याच आठवड्यात सकाळी बसमधून जाताना चौकातला मोठा फलक तिला दिसला. आकाशी रंग, एकमेकांना टेकलेली दोन घरं, आणि खाली ठळक अक्षरांत 'शेजारधर्म मंच'. बाजूला एक चेहरा हसत होता. अंगात विणलेला स्वेटर, डोळ्यांवर चष्मा. बस सिग्नलला थांबली नसती तर तिने ओळखलंही नसतं. सहा वर्षांपूर्वी हाच माणूस काळा शर्ट घालून 'कडवं दल' चालवायचा. त्याच्या पोरांनी बसस्टँडवर पलीकडच्या हमालांची डोकी फोडली होती. त्यानंतर दलाचं नाव असं काही बदनाम झालं, की मतं मागायला गेल्यावर लोक दारच लावून घेत.

नाव बदनाम झालं होतं, म्हणून नवं नाव हवं होतं. आणि ते तिने आणून दिलं होतं.

ती पुढच्या स्टॉपला उतरली. पक्षाची पोरं पत्रकं वाटत होती, तिने एक घेतलं आणि बाकावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पहिल्या तीन पानांवर बागा, दिवे, म्हाताऱ्यांसाठी बाक. चौथ्या पानावर अक्षर बारीक झालं होतं. बाहेरून येऊन राहिलेल्यांचे भाडेकरार पुढे वाढवले जाणार नाहीत. त्यांच्या दुकानांचे परवाने तपासून रद्द होतील. आणि मग: 'आपल्या इमारतीत असे कोणी राहत असल्यास प्रत्येकाने शेजारधर्म पाळून मंचाच्या कार्यालयात कळवावे.'

तिथून ती थेट गिरणीमागे गेली. टेलरमास्तरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्यावर आकाशी रंगाचा एक कागद चिकटवलेला: 'येथे पलीकडचे राहतात.' मास्तरची बायको ओल्या फडक्याने तो खरवडत होती. पुढे काठी टेकून सिस्टर उभी होती, रागाने लालबुंद.

"माझ्या तोंडचा शब्द!" सर्वेताईला बघताच ती कडाडली. "हिच्याबद्दल बोलले होते मी तो, हिच्याबद्दल! माझ्या तोंडातून काढून त्या मेल्याच्या तोंडात घातला कुणी?"

नाही म्हणायला वाव होता. ऑफिसकडे बोट दाखवताही आलं असतं. पण सर्वेताई म्हणाली, "मी. मी लिहून नेला. कुणासाठी ते मला माहीत नव्हतं, पण नेला मीच."

मास्तरच्या बायकोचा हात थांबला. सिस्टरने शटरवरच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू आज जा."

ती गेली. दुसऱ्या दिवशी साहेबापुढे जाऊन उभी राहिली. साहेबाने मान खाली घालून ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याला कटकट नको होती एवढंच. "ताई, आपण फक्त विचारतो," तो म्हणाला. "भांडी विकणारा त्यात कोण काय शिजवतो ते बघत बसत नाही."

"मी भांडी विकत नव्हते, साहेब. लोक मला घरात घेऊन मनातलं बोलत होते." तिने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या फोटोतली बाई आता बरीच बदलली होती.

घरी नवरा पत्रक वाचत बसला होता, म्हणजे पहिलं पान. "नाव मात्र झकास आहे," तो म्हणाला. "आणि माणूस सुधारू शकतो. मी तर म्हणतो, द्यावं मत यांना."

तिच्या जिभेवर चार शब्द आले होते. ते तिने गिळले. एकवीस वर्षांच्या सवयीने कोरा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याच्या समोर बसली.

"या पक्षाचं नाव वाचून, हे लोक निवडून आल्यावर काय करतील असं तुम्हाला वाटतं?"

"अगं, मला कशाला..."

"काय करतील?"

नवरा खुर्चीत सरळ झाला. सर्वेवाल्यांसमोर माणूस होतोच तसा. "काय करतील? शेजारी आजारी पडला तर डबा पोचवतील. कुणी गावाला गेलं तर किल्ली ठेवून घेतील. झाडांना पाणी घालतील. भांडण झालं तरी जिन्यात भेटल्यावर बोलतील." तिने सगळं लिहून घेतलं. मग पत्रकाचं चौथं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. "आता हे मोठ्याने वाचा."

तो वाचू लागला. 'कळवावे' या शब्दाशी येऊन त्याची गाडी बंद पडली. डेपोत बसच्या खालच्या खड्ड्यात त्याच्याबरोबर अठरा वर्षं काम करणारा जोडीदार पलीकडचा होता. एकदा जॅक सरकला तेव्हा त्यानेच याला पायाला धरून बाहेर ओढलं होतं.

"म्हणजे मी त्याचं नाव जाऊन सांगायचं?"

"मी फक्त विचारतेय."

नवऱ्याने पत्रक खाली ठेवलं. नखातलं ग्रीस काढत राहिला. मग म्हणाला, "शेऱ्यात लिही. म्हणावं, नाव चोरीचं आहे, मुद्देमाल जप्त करा."

ती हसली, आणि हसता हसताच तिला पुढचं सुचलं.

तीन दिवसांनी ती पुन्हा तिसरा मजला चढली. सिस्टरने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. उंबऱ्यातच सर्वेताईने सांगितलं, "मला दुसरं काही येत नाही. प्रश्न विचारता येतात. दोनच प्रश्न आहेत, ते घरोघर जाऊन विचारणार आहे. तुमची परवानगी हवी. शब्द तुमचा आहे."

सिस्टरने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि हे बूट घालून जाणार? टाच झिजलीय, पाय मुरगळेल. आत ये आधी."

पुढचे पाच आठवडे ती रोज फिरली. ना ऑफिस, ना ओळखपत्र. पहिला प्रश्न, नाव वाचून काय वाटतं? मग चौथं पान. दुसरा प्रश्न, आता काय वाटतं? तिने कुणाला समजावलं नाही, कुणाशी वाद घातला नाही. कुणी म्हणालं, "हे पान माझ्या पत्रकात नव्हतंच," आणि उठून शोधलं तर असायचं. एका शिक्षिकेने पहिल्या उत्तराचा कागद परत मागून घेतला आणि भिंतीला लावला, "मला असा पक्ष हवाय, मिळाला तर सांगा." सगळेच काही असे नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका टॅक्सीवाल्याने चौथं पान शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "बरोबरच आहे की." तिने तेही लिहिलं, त्याच्या शब्दांत. "लिहिलंस?" त्याने आश्चर्याने विचारलं. "लिहिणारच. तुमचं मत आहे." तो दारात उभा राहून ती जिना उतरेपर्यंत बघत राहिला.

एकदा तळमजल्यावर मंचाची दोन पोरं वाट अडवून उभी राहिली. "ताई, तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"कुणीच नाही. म्हणून तर एवढा वेळ लागतोय," ती म्हणाली. पोरं हलली नाहीत. पण त्याच वेळी सिस्टर काठी आपटत दुकानातून बाहेर आली आणि त्यातल्या एकाला म्हणाली, "तू आमच्याच वॉर्डात जन्मलास. पायाळू होतास, चार तास छळलंस आईला. सरक बाजूला." पोरगा सरकला. त्याचे कान लाल झाले होते.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात मंचाची सभा झाली. खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. स्वेटरवाला पुढारी गोड बोलला, दिव्यांबद्दल, बाकांबद्दल. प्रश्नांची वेळ आली तशी सिस्टर उठली. माईकची तिला गरज नव्हती.

"तुमच्या पक्षाचं नाव माझ्या तोंडचं आहे. ते मी कुणाबद्दल म्हणाले होते, तेवढं ऐका."

आणि तिने सांगितलं. खुबा, अंघोळ, पुढून बटणं लावलेला गाऊन, सगळं. एवढ्या लोकांपुढे अंघोळीचं सांगताना तिचा आवाज एकदाच कापला. तिसऱ्या रांगेत टेलरमास्तरची बायको तोंडाला पदर लावून बसली होती. शेजारच्या बाईने तिचा हात धरला.

पुढारी मुरलेला होता. हात जोडून म्हणाला, "सिस्टर, शब्द काय, सगळ्यांचेच असतात."

"मग सगळ्यांचाच राहू द्या. तुमच्या फलकावरून उतरवा."

मागून कुणीतरी ओरडलं, "पान चार वाचा!" सर्वेताईने वळून पाहिलं. डेपोतले आठदहा जण कपडेही न बदलता आले होते आणि त्यांच्यात तिचा नवरा मान उंचावून उभा होता. मग दुसऱ्या बाजूनेही आवाज आला, "वाचा की!" पुढाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि वेळ कमी असल्याचं सांगितलं. सभागृहात हशा पिकला. सहा वर्षांपूर्वी या माणसाला लोक घाबरले होते, त्याला हसलं मात्र कुणी नव्हतं.

निकाल लागला. गिरणीमागच्या प्रभागात मंच तिसऱ्या नंबरावर फेकला गेला. गावात त्यांच्या पाच जागा मात्र आल्या. सर्वेताईला त्या पाच जागा खुपल्या. त्या गल्ल्यांत आपण पोचलोच नाही, असं ती कितीतरी दिवस म्हणत राहिली. पण पालिकेतल्या चाळीसांपैकी पाचांनी चौथं पान पास होत नसतं. वर्षाच्या आत मंचात फूट पडली. एका गटाने म्हणे पुन्हा नवं नाव घेतलं. गिरणीमागे त्यांचं पत्रक आलं तेव्हा लोकांनी ते आधी उलटं धरलं, शेवटच्या पानापासून वाचायला.

सर्वेताई काही महिने घरी बसली. नवऱ्याच्या एकट्या पगारात भागवताना ओढाताण झाली, चिडचिडही झाली. मग सिस्टरच्या ओळखीने सरकारी दवाखान्यात काम मिळालं. घरी सोडलेल्या पेशंटना भेटून विचारायचं, कसं वाटतंय, औषध समजलं का, मदतीला कोण आहे. शेऱ्याचा चौकोन तिथे बराच मोठा होता. तिने पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "मी. आणि नाही वाचलं तर तुम्ही मला विचारा." मगच तिने फॉर्मांचा गठ्ठा उचलला.

टेलरमास्तरचा भाडेकरार हिवाळ्यात संपत होता. घरमालक महिनाभर तोंड चुकवत फिरला. निवडणुकीआधी तो घाबरला होता आणि आता त्याला लाज वाटत होती. शेवटी एका सकाळी तो कागद घेऊन स्वतःच दुकानात आला. मास्तरने सर्वेताईला बोलावून घेतलं, सोबतीला कुणी असावं म्हणून. तिने सातही पानं मोठ्याने वाचली. करार पाच वर्षांचा होता. मालक खालमानेने म्हणाला, "दहाचा करायचा असला तरी चालेल." मास्तर म्हणाला, "पाच बरेत. तोवर तुमचा रखडलेला कोट शिवून होईल." दोघंही मोकळं हसले. सही झाली. मास्तरची बायको चहा टाकायला आत गेली, आणि वरून सिस्टरची हाक आली, की एवढ्या मोठ्याने वाचलंत ते सगळं ऐकू आलं, आता चहा वर घेऊन या, मी काही खाली उतरत नाही.